‘टेक’ म्हणजे नुसते घेणे नव्हे

इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या देपालपूरसारख्या तहसिलीच्या गावात मूल इंग्रजी शिकू लागते, तेव्हा त्याच्या वहीत आधी एक यादी तयार होते. डाव्या हाताला इंग्रजी क्रियापद, उजव्या हाताला त्याचा अर्थ. ‘टेक’ म्हणजे लेना, घरात मराठी असेल तर घेणे. ‘गिव्ह’ म्हणजे देना, ‘गेट’ म्हणजे मिळणे, ‘पुट’ म्हणजे ठेवणे. यादी पाठ होते, चाचणीत तिच्यावर गुण मिळतात आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही याहून फारसे वेगळे घडत नाही. पुढे हेच मूल इंदूरला कॉलेजात किंवा स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीला येते. व्याकरणाचे नियम त्याला येतात, मोठमोठे इंग्रजी शब्दही येतात, पण साधे वाक्य बोलताना ते अडखळते. त्याचे खापर बहुधा मुलाच्या न्यूनगंडावर किंवा घरातल्या भाषेवर फोडले जाते. माझ्या मते दोष त्या यादीत आहे. इंग्रजीतली सर्वांत साधी क्रियापदे हीच सर्वांत अवघड असतात, त्यांना एकेक अर्थ चिकटवून ती शिकता येत नाहीत. ती समजून घेण्याची सगळी सामग्री मुलाच्या तोंडच्या भाषेत आधीपासून आहे, आणि नेमकी तीच भाषा आपण इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर ठेवतो.

‘टेक’ हे एकच क्रियापद तपासून पाहू. आपण चहा घेतो, औषध घेतो, शपथ घेतो. इथे ‘टेक’ आणि ‘घेणे’ बरोबरीने चालतात, म्हणून यादी खरी वाटते. पण फोटो आपण काढतो, हिंदीत तो खींचतात आणि इंग्रजीत तो ‘टेक’ होतो. अंगातला सदरा आपण काढतो, तो ‘टेक ऑफ’ होतो. विमानही ‘टेक ऑफ’ करते, मराठीत मात्र ते उडते. मुलाला शाळेत नेतात. रोपटे मूळ धरते. घटना घडते. मुलगी आईच्या वळणावर जाते, तिथे इंग्रजी ‘टेक आफ्टर’ म्हणते. तान्ह्याला शेजारच्या काकूंचा लळा लागतो, तिथे ‘टेक टू’. कुणाच्या बोलण्याचे वाईट वाटते, तेव्हा इंग्रजी माणूस ‘ऑफेन्स’ घेतो. काढणे, उडणे, नेणे, धरणे, घडणे, जाणे, लागणे, वाटणे अशी आठ वेगवेगळी मराठी क्रियापदे एका ‘टेक’समोर उभी राहिली आणि त्यांत ‘घेणे’ कुठेच नाही. परीक्षेच्या बाबतीत तर दिशाच उलटी होते. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात, हिंदीतही तसेच. इंग्रजीत विद्यार्थीच परीक्षा ‘टेक’ करतो. यादीवर विसंबलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे ते वाक्य वाचताना शिक्षक उभे राहतात. भारतभर विद्यार्थी ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतात ते याच मुळातून आले आहे, आणि त्यात हिणवण्यासारखे काही नाही. परीक्षेकडे दोन समाज दोन बाजूंनी पाहतात आणि दोघांचे क्रियापद आपापल्या जागी बरोबर आहे. मुलाला हे कुणीतरी सांगायला हवे, एवढेच.

इंग्रजी कोशकारांना हा गुंता चांगला ठाऊक आहे. ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ नोंदवले होते आणि ती त्या कोशातली सर्वांत लांब नोंद होती. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने त्या एका क्रियापदावर गेले आणि अर्थांची संख्या सहाशेच्या वर पोहोचली. जड, पुस्तकी क्रियापदांचे असे होत नाही. लॅटिनातून आलेल्या लांबलचक क्रियापदाला एखाददुसरा अर्थ असतो, त्यामुळे ते यादीत निमूटपणे बसते. रोज हजारदा तोंडी येणारे क्रियापद मात्र प्रत्येक सोबत्याबरोबर बदलत जाते. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडले. जगातल्या कुणालाही झटपट शिकता यावे म्हणून त्यांनी शब्दसंख्या 850 वर आणली आणि त्यांत क्रियापदे ठेवली फक्त 18. ‘टेक’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘मेक’, ‘कीप’ ही त्यांतलीच. कागदावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात या 18 क्रियापदांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ जोडत गेले की शेकडो प्रयोग तयार होतात. इंग्रजी घरात वाढलेल्याला ते आपोआप येतात आणि बाहेरून शिकणाऱ्याला एकेक करून मिळवावे लागतात. ऑग्डेन यांनी शब्द कमी केले, अर्थ कमी करणे त्यांच्या हातात नव्हते. देपालपूरच्या मुलाची यादी त्याच भ्रमाची छोटी आवृत्ती आहे.

आता मराठीकडे वळू. आपल्या भाषेतही अशी क्रियापदे आहेत आणि ती वापरताना आपल्याला कधी कोश उघडावा लागत नाही. ‘लागणे’ पाहा. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो, वेड लागते, नाद लागतो. नोकरी लागते, निकाल लागतो, पत्ता लागतो, लग्न लागते, दिवे लागतात, विहिरीला पाणी लागते, झाडाला आंबे लागतात. भात बुडाशी लागतो. गाडी फलाटाला लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते, म्हणजे मळमळू लागते. ती माझी मावशी लागते, हे नाते झाले. मला जावे लागते, ही सक्ती झाली. मूल बोलू लागते, हा आरंभ झाला. कुणाचा शब्द मनाला लागतो, ही जखम झाली. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि वाढवलेली दुसरी 1857 ची. त्या कोशात या धातूची नोंद बरीच लांबली आहे आणि ती लांबणे अपरिहार्य होते, कारण ‘लागणे’ला इंग्रजीत एक प्रतिशब्द देणे केवळ अशक्य आहे. एखाद्या इंग्रज मुलाला कुणी ‘लागणे म्हणजे स्पर्श होणे’ एवढेच पाठ करून मराठीत सोडले, तर त्याची जी अवस्था होईल तीच आपल्या मुलांची इंग्रजीत होते. फरक असा की त्या इंग्रज मुलाची अडचण आपल्याला तत्काळ समजते, आणि आपल्या मुलाची अडचण मात्र अभ्यासातला कच्चेपणा ठरते.

‘लागणे’ आणि ‘टेक’ जिथे भेटतात ती जागा तर वर्गात सोन्यासारखी वापरता येईल. ‘मला दोन तास लागले’ याला इंग्रजीत ‘इट टुक मी टू अवर्स’ म्हणतात. ‘आय टुक टू अवर्स’ हेही वाक्य इंग्रजीत चालते, पण त्याची छटा वेगळी, ‘मी दोन तास घेतले’ अशी. पहिल्या वाक्यात वेळ लागला. त्याला रस्ता, पाऊस, गर्दी काहीही कारण असेल. दुसऱ्यात वेळ माणसाने घेतला, म्हणजे थोडी जबाबदारीही त्याच्यावर आली. हा भेद मराठी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलालाही कळतो. त्याला ‘तू दोन तास का घेतलेस’ असे विचारले तर ते स्वतःची बाजू मांडते आणि ‘दोन तास का लागले’ असे विचारले तर वाटेत काय झाले ते सांगते. मराठीत राग येतो, आठवण येते, ताप येतो, भूक लागते, थंडी वाजते. या सगळ्यांत माणूस कर्ता नसतो. गोष्ट त्याच्याकडे येते आणि तो ‘मला’ या रूपात वाक्यात उभा राहतो. इंग्रजीला वाक्याच्या आरंभी कर्ता हवा असतो, म्हणून तिथे बहुतेक ठिकाणी माणूसच पुढे येतो. तो राग ‘गेट’ करतो, ताप ‘हॅव’ करतो, धीर ‘टेक’ करतो. हा एक मुद्दा नीट उलगडला, तर निम्मी चुकीची वाक्ये आपोआप थांबतील. तो उलगडण्यासाठी शिक्षकाला मराठी किंवा हिंदी वाक्य फळ्यावर लिहावेच लागेल.

दुसरी जागा संयुक्त क्रियापदांची. इंग्रजीतल्या क्रियापदांना जोडून येणारे ‘अप’, ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘अवे’ हे आपल्या मुलांना सर्वांत जास्त छळतात, कारण हे तुकडे पाठ करण्याला कुठे अंत दिसत नाही. पण ते जे काम करतात ते काम मराठी आणि हिंदी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतात. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून घे. ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाक. ‘टाकणे’चा फेकण्याशी आणि ‘अप’चा वर असण्याशी इथे काही संबंध उरलेला नाही. दोघेही क्रिया पुरी झाल्याचे सांगतात. मराठी तर यात कमालीची बारकाई दाखवते. तो बोलून गेला, म्हणजे नकळत तोंडून निघाले. तो बोलून बसला, म्हणजे निघाले आणि आता पस्तावतो आहे. त्याने बोलून टाकले, म्हणजे मनावरचे ओझे उतरवले. त्याने बोलून दाखवले, म्हणजे समोरच्याला कळावे म्हणून मुद्दाम बोलला. त्याने बोलून घेतले, म्हणजे संधी होती तोवर आपले म्हणणे मांडले. हे पाच प्रयोग ज्या मुलाला कुणी न शिकवता येतात, त्याच्याजवळ इंग्रजीचे ‘ब्लर्ट आउट’ आणि ‘स्पीक अप’ समजण्याची शक्ती नाही असे कोण म्हणेल? त्याला दोन्हींमधला पूल कुणी दाखवलेला नाही.

माळव्यात हा पूल बांधणे महाराष्ट्रापेक्षाही सोपे आहे, असे मला वाटते. देपालपूरच्या परिसरात घरोघरी मालवी बोलली जाते, शाळेत आणि बाजारात हिंदी चालते आणि होळकरांच्या काळापासून या मुलखात मराठीही आहे. याच तहसिलीतल्या गौतमपुऱ्याला मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंचे नाव आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट युद्ध नावाचा जो पारंपरिक खेळ होतो त्यातल्या दोन बाजूंची नावे तुर्रा आणि कलंगी. आपल्या शाहिरीतले तुरेवाले आणि कलगीवाले ज्याला ठाऊक आहेत, त्याला ही नावे ऐकताच ओळखीची वाटतील. खुद्द इंदुरात मराठी साहित्य संमेलन 1917, 1935 आणि 2001 साली भरले. 1935 मध्येच तिथे हिंदी साहित्य संमेलनही झाले आणि त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. 2011 च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे बारा लाख होती. अशा मुलखातले मराठी घरातले मूल शाळेत जाण्यापूर्वीच क्रियापदांच्या दोन-तीन व्यवस्था सांभाळत असते. मराठीत ‘मला हे आवडते’ आणि ‘मला असे वाटते’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, हिंदीत दोन्ही कामे ‘लगना’ करू शकते. म्हणून इंदुरी मराठीत कधीकधी ‘मला चांगले लागते’ असे ऐकू येते. हिंदीतले ‘आ गया’ मराठीत उतरताना ‘येऊन गेला’ होते आणि पुण्याच्या पाहुण्याला वाटते की येणारा माणूस येऊन परतसुद्धा गेला. पुण्यात याला बिघडलेली मराठी म्हणतात. भाषेच्या शिक्षकाने मात्र याच्याकडे पुरावा म्हणून पाहावे. ‘जाना’ या क्रियापदाने हिंदीत क्रिया पूर्ण होते आणि मराठीत त्याच जागी माणूस निघून जातो, हे ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिले, त्याला इंग्रजीच्या ‘टेक’ने अर्थ बदलला म्हणून धक्का बसणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, मातृभाषा मध्ये आली की मूल भाषांतर करत बसते आणि ओघ येत नाही, असे बरेच अनुभवी शिक्षक म्हणतात. जिथे मुलाच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडते, तिथे हे म्हणणे खरे आहे. लंडनमधल्या मराठी कुटुंबातल्या मुलाला ‘टेक’ शिकवावे लागत नाही, खेळाच्या मैदानावर ते आपोआप अंगवळणी पडते. देपालपूरच्या मंडीत, बसस्थानकावर, शेतात इंग्रजी ऐकू येत नाही. तिथे इंग्रजीचा सहवास शाळेच्या तासापुरता असतो. अशा ठिकाणी मूल भाषांतर करणारच. आपण मनाई केली तर ते मनातल्या मनात करील आणि चुकीचे करील, कारण त्याच्या हाताशी ती एकशब्दी यादीच असेल. दुसरे असे की, आज बहुसंख्य वर्गांत चालते ती निखळ इंग्रजी पद्धत नाहीच. शिक्षक धडा वाचतात, शब्दार्थ सांगतात, प्रश्नोत्तरे लिहून देतात. म्हणजे मातृभाषा वर्गात येतेच, फक्त एका शब्दापुरती येते आणि वाक्य होण्याआधीच तिला थांबवले जाते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीला आज जुनाट म्हणतात आणि बोलण्याच्या सरावाच्या बाबतीत ती उणी होतीच. पण तिचा एक गुण विसरला गेला. ती अख्खी वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत न्यायला लावत असे. क्रियापद तिथे आपल्या सोबत्यांसह भेटत होते.

कोशरचनेचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना परक्या विद्यार्थ्यांसाठी कोश तयार केला. 1942 साली टोकियोत निघालेल्या त्या कोशातूनच पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश आला. क्रियापद कोणत्या साच्यात बसते, त्याच्यामागून काय येऊ शकते, हे सांगण्यावर त्यांचा भर होता, कारण अर्थ कळूनही विद्यार्थी वाक्यात अडतात हे त्यांना वर्गात दिसले होते. 1987 साली बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या कोबिल्ड कोशाने प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर तपासला आणि शब्दांचे अर्थ पूर्ण वाक्यांतून दिले. सिंक्लेअर यांना दिसलेली गोष्ट या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ‘टेक’सारखी क्रियापदे त्यांच्या तथाकथित मूळ अर्थाने जेवढी येतात, त्याहून जास्त वेळा ती जवळजवळ रिकामी होऊन शेजारच्या नामाचे काम पार पाडतात. ‘टेक अ लुक’मध्ये घेण्यासारखे काही उरत नाही, तिथे फक्त पाहणे असते. मराठीत ‘पाहून घे’ म्हणताना ‘घे’ असाच रिकामा झालेला असतो. तेव्हा यादीत आपण जो अर्थ पहिला म्हणून लिहून देतो, तो वापराच्या दृष्टीने पहिला असतोच असे नाही.

या एकशब्दी सवयीचा फटका उलट दिशेनेही बसतो आणि मराठी वाचकाला तो जास्त जवळचा वाटावा. ‘टेक म्हणजे घेणे’ हे डोक्यात घट्ट बसले की इंग्रजीत ‘टेक’ दिसेल तिथे मराठीत ‘घेणे’ येते. फोन उचलायचा तो आता घेतला जातो. ‘घाई नाही, सावकाश होऊ द्या’ याच्या जागी ‘आपला वेळ घ्या’ येते. ‘बसा’च्या जागी ‘सीट घ्या’. आंदोलनाला हिंसक वळण लागायचे, आता आंदोलन स्वतःच हिंसक वळण घेते. शेवटचे वाक्य तर आपल्या वृत्तपत्रांच्या स्तंभांतच वारंवार दिसते. निरोपाला ‘जपून जा’, ‘येत जा’ म्हणायचो, तिथे ‘काळजी घे’ रुळले आहे. इंग्रजी शब्द मराठीत आले म्हणून माझी तक्रार नाही. नामे सगळ्याच भाषा एकमेकींकडून घेतात. मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये एमबीबीएसच्या तीन विषयांची हिंदी पुस्तके निघाली, तेव्हा त्यांतल्या इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या म्हणून बरीच टीका झाली. मला ती टीका पटत नाही. संज्ञा इंग्रजी राहिली तरी तिच्याभोवतीची क्रियापदे हिंदी असतील तर विद्यार्थी हिंदीत विचार करू शकतो. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशानेही फारसी नामांना पर्याय दिले, पण ‘अर्ज करणे’, ‘जमा करणे’ असे प्रयोग मराठीत सुखाने टिकले. ‘बदलणे’ आणि ‘खर्चणे’ तर परक्या शब्दांपासून घडलेली पूर्ण मराठी क्रियापदे आहेत. खरा तोटा तेव्हा होतो, जेव्हा एक ‘घेणे’ उचलणे, धरणे, काढणे, लागणे या सगळ्यांची जागा बळकावते आणि कोणी काय केले व कुणाला काय झाले यातला मराठीने जपलेला फरक वाक्यातून निघून जातो.

भाषा बदलतच असतात, त्याचे एवढे काय, असे यावर कुणी म्हणेल. ‘टेक’ हे क्रियापदच याचे उदाहरण म्हणून पुढे करता येईल. ते मूळचे इंग्रजी नाही. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘ताका’पासून ते आले आणि ‘निमान’ हे जुने इंग्रजी क्रियापद त्याच्यापुढे मागे पडत नाहीसे झाले. पण तो बदल कसा झाला तेही पाहायला हवे. नॉर्स लोक इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, इंग्रजांशी त्यांचे शेजार आणि सोयरसंबंध जुळले, आणि कित्येक पिढ्यांच्या रोजच्या बोलण्यातून ‘टेक’ने ‘निमान’चे सगळे प्रयोग आत्मसात करून वर नवे मिळवले. भाषेची श्रीमंती त्यात घटली नाही. आपल्याकडचा बदल शेजारातून न येता शब्दार्थांच्या यादीतून आणि घाईच्या भाषांतरातून येतो आहे, आणि त्यात चार क्रियापदे जाऊन एक उरते. या दोन गोष्टींना एकच नाव देणे मला न्यायाचे वाटत नाही.

मोबाइल क्षणात भाषांतर करून देत असताना हा खटाटोप कशाला, असाही प्रश्न येईल. यंत्रांची भाषांतरे अलीकडे पुष्कळ सुधारली, पण ती कशामुळे सुधारली हे पाहिले तर उत्तर मिळते. जोवर यंत्राला शब्दाला शब्द लावायला शिकवले जात होते, तोवर ते हास्यास्पद वाक्ये देत होते. कोट्यवधी अख्खी वाक्ये त्याच्यापुढे ठेवली आणि कोणता शब्द कोणाच्या शेजारी येतो हे त्याला टिपू दिले, तेव्हापासून ते ‘इट टुक मी टू अवर्स’चे बरोबर ‘मला दोन तास लागले’ करू लागले. जी पद्धत यंत्रासाठी कुचकामी ठरली, ती मुलांसाठी मात्र आपण चालू ठेवली आहे. शिवाय मुलाखतीला बसलेल्या, परदेशातल्या ग्राहकाशी बोलणाऱ्या किंवा न्यायालयाचा आदेश वाचणाऱ्या माणसाला क्रियापदाची छटा त्याच क्षणी कळावी लागते.

शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, वर्ग मोठे असतात, प्रश्नपत्रिका शब्दार्थ विचारते. त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकून काही साधणार नाही, त्यांना हाताशी ठेवता येईल असे साहित्य मिळायला हवे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे, त्यामुळे प्राथमिक वर्गात मातृभाषेचे वाक्य फळ्यावर लिहिण्याला निदान धोरणाचा तरी विरोध नाही. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभा आहे, मध्यभारत हिंदी साहित्य समिती आहे, देवी अहिल्या विश्वविद्यालय आहे. या तिघांनी मिळून माळव्यातल्या शाळांसाठी एक पातळ पुस्तक काढावे. ऑग्डेन यांची अठराच क्रियापदे घ्यावीत. प्रत्येकाला दोन-तीन पाने द्यावीत आणि त्यांत रोजच्या जगण्यातली वाक्ये मालवी, हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा चार रांगांत मांडावीत. सोयाबीन मंडीत न्यायला किती वेळ लागला, पहिल्या पावसानंतर रोपांनी मूळ धरले का, धाकटी कुणावर गेली आहे, परीक्षा कोण देतो आणि कोण घेतो. मालवीची रांग मुलांनीच घरी आजीला विचारून भरावी. प्रश्नपत्रिकेत ‘टेकचा अर्थ लिहा’ हा प्रश्न बंद करून त्याजागी पाच वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकातले क्रियापद आपल्या भाषेत कसे बदलते ते विचारावे. महाराष्ट्रातही मालवीच्या जागी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा कोरकू ठेवून हेच पुस्तक करता येईल. कोरकूची व्यवस्था मराठीपासून पार वेगळी असल्याने मेळघाटात त्याची निकड जास्त आहे, आणि तिथली रांग भरण्यासाठी त्या भाषेत वाढलेल्या शिक्षकांनाच आधी बोलवावे लागेल.